केमो चालू असताना सदाफुलीच्या पानांचा रस द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे. मानेत गाठी आल्या आणि बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर, निघाला. आर-चॉप नावाच्या केमोच्या दोन सायकल झाल्या आहेत, तिसरी पुढच्या आठवड्यात आहे. मधुमेह जुना, आणि केमोच्या दिवसांत साखर हाताबाहेर जाते. आत्यांनी गावाहून सांगितलं की रोज अनशापोटी सदाफुलीच्या पानांचा रस द्या, साखर उतरेल आणि कॅन्सरवरही तेच औषध आहे. मुलीने शोधलं तेव्हा तिला कळलं की वडिलांच्या सलाईनमधलं व्हिन्क्रिस्टीन खरोखरच सदाफुलीतून येतं. म्हणून तिचं विचारणं असं की इंजेक्शनबरोबर रसही दिला तर जास्त फायदा होईल का, आणि नसेल होत तर निदान अपाय तरी नाही ना?

आधी सरळ उत्तर देते. देऊ नका. दिला जात असेल तर आजपासून बंद करा आणि तिसऱ्या सायकलच्या आधी तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. काय पोटात गेलं आहे हे माहीत असलं की रक्ताचे रिपोर्ट नीट वाचता येतात.

आता कारणं. तुमच्या आत्या उगाच काहीतरी सांगत नाहीत, हे मला आधी म्हणायचं आहे. त्यांच्या दोन्ही विधानांना इतिहास आहे आणि तो गंमत म्हणजे एकाच प्रयोगशाळेत येऊन मिळतो. सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. तिथून ती सगळ्या उष्ण प्रदेशांत पसरली. आपल्याकडे तर अंगणात, कुंपणालगत, पडक्या भिंतीच्या कडेला कोणी पाणी न घालताही ती बाराही महिने फुलते. जमैकात लोक मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. १९५२ च्या सुमारास तिथून काही पानं टपालाने कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आपल्या धाकट्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क जनावरांना तोंडाने देऊन पाहिला. साखरेवर काहीच परिणाम दिसला नाही. मग तोच अर्क उंदरांना टोचून दिला, तर थोड्याच दिवसांत उंदीर मेले. का मेले म्हणून तपासलं तेव्हा अंगभर जंतुसंसर्ग सापडला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसल्या.

इथे दुसऱ्या कोणी प्रयोग गुंडाळला असता. नोबल यांच्या लक्षात आलं की पांढऱ्या पेशी इतक्या खाली आणणारा पदार्थ ल्युकेमियात उपयोगी पडू शकतो, कारण तिथे पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढलेल्या असतात. रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. हे व्हिन्ब्लास्टीन. त्याच काळात अमेरिकेतली एली लिली ही कंपनीही स्वतंत्रपणे याच झाडावर काम करत होती. तिथे त्याचं भावंड सापडलं, व्हिन्क्रिस्टीन. १९६३ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर तोवर बहुधा मरणाचंच निदान असे. आज चांगली सोय असलेल्या ठिकाणी त्यातली बहुसंख्य मुलं पूर्ण बरी होतात, आणि त्या उपचारात व्हिन्क्रिस्टीन सुरुवातीपासून आजपर्यंत टिकून आहे. वडिलांच्या आर-चॉपमधला ‘ओ’ म्हणजे ऑन्कोव्हिन, याच औषधाचं जुनं कंपनीचं नाव.

म्हणजे ज्या प्रयोगातून कॅन्सरचं औषध मिळालं, त्याच प्रयोगात तोंडाने दिलेल्या अर्काने साखर उतरली नव्हती. नंतर काही जणांना उंदीर-सशांत साखर कमी झालेली दिसली, हे खरं. पण ज्याच्या भरवशावर मधुमेही माणसाला पानं खायला सांगावीत एवढा भक्कम पुरावा माणसांत जमलेला नाही.

आता पानात नेमकं किती असतं ते पाहा, कारण सगळा प्रश्न इथे सुटतो. सदाफुलीत शंभराहून जास्त वेगवेगळी अल्कलॉइडं आहेत. अल्कलॉइड म्हणजे झाडाने तयार केलेली, नायट्रोजन असलेली, बहुतेक कडू लागणारी रसायनं. खाणाऱ्या किड्यांपासून आणि जनावरांपासून बचाव हे त्यांचं झाडासाठी मोठं काम. या शंभरांत व्हिन्क्रिस्टीन अगदीच नावापुरतं असतं. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीन काढायला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात आणि एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनला सुमारे २००० किलो. वडिलांना एका वेळी मिळणारा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम या हिशेबाने काढतात, आणि माणूस कितीही धिप्पाड असला तरी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. गणित केलंत तर त्या दोन मिलिग्रॅममागे चार किलो वाळलेली पानं येतात. शिवाय व्हिन्क्रिस्टीन तोंडाने घेतलं तर आतड्यातून किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून ते शिरेतूनच देतात. रसाच्या पेल्यातून कॅन्सरवर उपयोगी पडेल एवढं व्हिन्क्रिस्टीन वडिलांना मिळणं शक्य नाही.

मग एवढं कमी असेल तर अपाय कसा होईल, असं तुम्ही विचाराल. अपाय तीन वाटांनी होतो.

पहिली वाट उरलेल्या अल्कलॉइडांची. कॅथरँथीन आणि व्हिन्डोलीन ही दोन पानात भरपूर असतात. झाड या दोघांना जोडूनच व्हिन्ब्लास्टीन बनवतं. मुळांत अजमॅलिसीन असतं, ते रक्तदाबावर आणि रक्तवाहिन्यांवर काम करतं. यांचं प्रमाण झाडागणिक, फुलाच्या रंगागणिक, ऋतूगणिक बदलतं. आज दिलेल्या पेल्यात काय गेलं आणि उद्याच्या पेल्यात काय जाईल हे कोणी सांगू शकत नाही. केमोच्या दिवसांत उलटी झाली, रक्तदाब पडला किंवा पेशी नेहमीपेक्षा जास्त उतरल्या, तर डॉक्टर त्याचा दोष केमोला देतील आणि पुढचा डोस कमी करतील. जो उपचार खरोखर काम करतो आहे, त्यालाच अशी कात्री लागते.

दुसरी वाट जंतूंची. सायकलनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत वडिलांच्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या दिवसांत अंगणातली पानं, कितीही धुतली तरी, कच्ची वाटून पोटात घालणं म्हणजे मातीतले जंतू थेट आत सोडणं. याच कारणाने आम्ही त्या आठवड्यात कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस वगैरे बंद ठेवायला सांगतो. नोबल यांचे उंदीर संसर्गानेच गेले होते, हे लक्षात असू द्या.

तिसरी वाट नसांची, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला हिचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. यावर थोडं सविस्तर लिहिते.

पेशी दुभंगताना आत बारीक दोऱ्यांची एक जाळी उभी राहते, ती गुणसूत्रं दोन बाजूंना ओढते. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या एकेक कणापासून ती दोरी विणली जाते. व्हिन्क्रिस्टीन त्या कणांना चिकटतं, दोरी विणलीच जात नाही आणि पेशी अर्ध्यात अडकून मरते. लिम्फोमाच्या पेशी सतत दुभंगत असतात म्हणून त्या आधी मरतात. पण ट्यूब्युलिनचंच जाळं नसांच्या लांब तंतूंमध्येही असतं. मणक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसेत जी काही रसद पोहोचवायची ती या जाळ्यावरूनच जाते. म्हणून त्रास सर्वांत लांब नसांना आधी होतो. पायाच्या बोटांना मुंग्या, मग हाताच्या बोटांना, मग बधिरपणा. आतड्यांच्या नसांना झाला की बद्धकोष्ठ. जबड्यात कळ येते, कधी आवाज बसतो. आता यात जुना मधुमेह धरा. मधुमेहात याच नसा आधीपासून झिजलेल्या असतात. अशा माणसाला व्हिन्क्रिस्टीनचा नसांचा त्रास लवकर आणि जास्त होतो.

डे-केअरमध्ये व्हिन्क्रिस्टीन लावायच्या आधी मी पेशंटला शर्टाचं वरचं बटण काढून पुन्हा लावायला सांगते. मागच्या सायकलला झटकन लावणारा माणूस या वेळी बटणाशी चाचपडत राहिला, की मला मशीन लावून तपासणी करायची गरज उरत नाही. मग विचारते, चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटली तरी कळत नाही असं उत्तर आलं तर टाचेवर उभं राहून दोन पावलं टाकायला लावते. पाऊल वर उचलता येत नसेल तर डोस कमी करायचा की थांबवायचा याचा निर्णय तिथेच होतो. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, पण ते दर वेळी व्हावं लागतं, कारण या औषधाला कामाचा डोस आणि अपायाचा डोस यांत अंतर फार थोडं आहे. तुमच्या वडिलांना घरी हेच करून पाहायला सांगा.

व्हिन्क्रिस्टीन ज्या छोट्या पिशवीतून देतात तिच्याबद्दलही सांगते, कारण नातेवाईक नेहमी विचारतात की एवढंसं औषध सिरिंजने का टोचत नाही. व्हिन्क्रिस्टीन चुकून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर माणूस वाचत नाही. जगात ठिकठिकाणी असे अपघात झाले, कारण काही केमो कण्यातूनही देतात आणि तीही तशाच सिरिंजमध्ये भरलेली असतात. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका, ५० मिलिलिटरच्या पिशवीत मिसळून द्या, म्हणजे ते कण्यात टोचायचं कोणाच्या मनातही येणार नाही. शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते, म्हणून पिशवी जोडण्याआधी सिस्टर शिरेतून रक्त परत येतंय का ते पाहतात आणि संपेपर्यंत हात सोडत नाहीत. वडिलांना त्या हातात आग झाली तर लगेच बोलायला सांगा. बहुतेक केमो सांडलं तर बर्फ लावतात, हे सांडलं तर गरम शेक देतात, त्यामुळे घरचे उपाय न करता सिस्टरना बोलवा.

सदाफुलीच्या दोन भावंडांबद्दल एक गोष्ट मला कायम थक्क करते. व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन यांच्या रचनेत फरक फक्त एका टोकाला आहे. एकाला मेथिल गट, दुसऱ्याला त्याच जागी फॉर्मिल गट. बाकी सगळा मोठा रेणू तोच. तेवढ्याने व्हिन्ब्लास्टीन अस्थिमज्जेवर जोर करतं आणि पेशी पाडतं, तर व्हिन्क्रिस्टीन मज्जेला फारसं न छळता नसांवर उतरतं. पानांच्या रसात दोन्ही आहेत आणि अजून शंभर आहेत. यातलं कुठलं कुठे जाऊन काय करेल हे पेल्यावरून ओळखायची सोय नाही.

झाडाचं औषध तोंडाने कधीच लागू पडत नाही असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. सर्पगंधा आठवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या दिल्या, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. जगाचं लक्ष या मुळाकडे खऱ्या अर्थाने त्या लेखाने गेलं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रेसरपीन वेगळं केलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार हा वैद्यकातला मानाचा अमेरिकन पुरस्कार मिळाला. मूळ तोंडाने का चाललं? कारण रेसरपीन आतड्यातून शोषलं जातं आणि मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शातही काम करतं. त्याच सर्पगंधेने काही रुग्णांना खोल नैराश्य आलं, नाक चोंदलं, सुस्ती आली, आणि डोस वाढवला की हे वाढत गेलं. वकिलांच्या कामाचं मोल मला यासाठी वाटतं की त्यांनी परंपरेतलं मूळ घेतलं, पण किती द्यायचं, कोणाला, किती आठवडे आणि रक्तदाब किती उतरला हे सगळं मोजलं. सदाफुलीच्या रसाबाबत मधुमेहात कोणी असं मोजून दाखवलं तर मीही तो सल्ला देईन.

कॅन्सरच्या बाबतीत आपल्या सह्याद्रीशी नातं असलेलं दुसरं अल्कलॉइड म्हणजे कॅम्प्टोथेसिन. ते आधी सापडलं चीनच्या एका झाडात, १९६६ मध्ये, अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांना. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, शिक्षण मुंबई विद्यापीठात. पुढे १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच रसायन आपल्या घाटातल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं, आणि तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. त्याचं फळ घाटातल्या या झाडांना भोगावं लागलं. परदेशी मागणीसाठी नरक्या चोरून तोडला गेला आणि वनखात्याला कोकण-कोल्हापूरच्या जंगलांत त्याचे ट्रक पकडावे लागले.

कॅम्प्टोथेसिन थेट वापरलं तेव्हा ते अपयशी ठरलं, हेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकात त्याचा क्षार रुग्णांना दिला तर लघवीतून रक्त येऊ लागलं, पेशी पडल्या आणि चाचण्या थांबवल्या गेल्या. ते पेशीच्या आत नेमकं कुठे काम करतं हे १९८५ मध्ये कळलं, रेणूत बदल केले गेले, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही दोन औषधं मान्य झाली. इरिनोटेकॅन आम्ही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रोजच्यासारखं वापरतो. सलाईन चालू असतानाच काही रुग्णांना दरदरून घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, पोटात मुरडा, आणि संडासला धावावं लागतं. घरचे घाबरतात. आम्ही पाव ते अर्धा मिलिग्रॅम अॅट्रोपीन देतो आणि काही मिनिटांत सगळं निवळतं. अॅट्रोपीन हे धोतऱ्याच्या कुळातलं अल्कलॉइड. नरक्याच्या औषधाचा त्रास धोतऱ्याच्या औषधाने थांबतो, आणि दोन्ही मिलिग्रॅममध्ये मोजलेली असतात.

कापसाच्या पट्ट्यात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला अॅट्रोपीन वेगळ्या कारणाने ओळखीचं असतं. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाने विषबाधा झालेला शेतकरी येतो, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दर पाच मिनिटांनी अॅट्रोपीनचा डोस दुप्पट करत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी ८० च्या वर येईपर्यंत. त्याच धोतऱ्याच्या बिया खाल्लेलं मूल उलट चित्र घेऊन येतं: अंग तापलेलं, तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, बरळणं. बियांत किती अल्कलॉइड असेल हे झाडागणिक बदलतं, म्हणून विषबाधेच्या रुग्णाला धोतऱ्याचा काढा द्यायचं कोणालाही सुचत नाही. सदाफुलीबाबत मात्र ते सहज सुचतं, कारण तिचं फूल अंगणातलं आहे, देवाला वाहतो आपण ते.

कळलावीचा उल्लेख करून हा भाग संपवते, कारण तीही ट्यूब्युलिनवरच काम करते. तिच्यातलं कोल्चिसिन गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं आणि छान काम करतं. पण तिचा कंद रताळं किंवा रानातला कंद समजून खाल्लेले लोक आधी कॉलऱ्यासारखे जुलाब-उलट्या घेऊन येतात, मग चार-पाच दिवसांनी पेशी पडतात, आणि वाचले तर दोन आठवड्यांनी डोक्याचे केस झडतात.

आता तुमच्या घरातल्या गोष्टींकडे येऊ, कारण सदाफुली थांबवली तरी व्हिन्क्रिस्टीन वाढवणारे दुसरे पदार्थ नकळत पोटात जात असतात. व्हिन्क्रिस्टीनला यकृतातलं एक एन्झाइम मोडून टाकतं. ते एन्झाइम बंद पाडणारं काही घेतलं तर तोच दोन मिलिग्रॅमचा डोस शरीरात जास्त दिवस राहतो आणि नसा जाळतो. सर्वांत जास्त आढळणारा गुन्हेगार म्हणजे नायट्यासाठी मेडिकलमधून आणलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल. मधुमेहींना जांघेत नायटा होतो, कोणीतरी कॅप्सूल सुचवतं, केमोच्या डॉक्टरांना कोणी सांगत नाही. आठवड्याभरात पोट फुगतं, शौच बंद, पाय लुळे. वडिलांना असं काही चालू असेल तर ही ओळ वाचून थांबू नका, आजच फोन करा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही त्याच यादीतलं.

दुसरी गोष्ट हळदीच्या कॅप्सूलची. कॅन्सरच्या घरात ती हमखास असते. हळद नीट शोषली जावी म्हणून तिच्यात मिरीचं अल्कलॉइड, पायपेरीन, घातलेलं असतं. पायपेरीन औषधांचं शोषण वाढवतं, हे जम्मूच्या प्रयोगशाळेत भारतीय संशोधकांनीच दाखवलं. त्याच्या जोरावर क्षयाच्या रिफाम्पिसिनचा डोस ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणलेली गोळी आपल्याकडे निघाली. तिथे हा गुण मोजूनमापून वापरला गेला. केमोच्या जोडीला कॅप्सूलमधून तो घेतला तर कुठल्या औषधाचं प्रमाण किती वाढेल याचा ताळमेळ राहत नाही. आमटीतली हळद आणि भातावरची मिरपूड खुशाल खाऊ द्या. कॅप्सूल बंद ठेवा.

साखरेचं उत्तर तर सदाफुलीत शोधायची गरजच नाही, कारण ती का वाढते हे आपल्याला ठाऊक आहे. चॉपमधला शेवटचा ‘पी’ म्हणजे प्रेडनिसोलोन, रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस. हे स्टेरॉइड सकाळी घेतलं की साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. म्हणून नुसती उपाशीपोटीची साखर पाहून फसायला होतं. त्या पाच दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरने तपासा, आकडे वहीत लिहा. बहुतेक वेळा तेवढ्या दिवसांपुरतं सकाळचं इन्सुलिन सुरू करावं लागतं किंवा वाढवावं लागतं, आणि सहाव्या दिवशी स्टेरॉइड थांबलं की ते कमीही करावं लागतं. हे कमी करायचं राहून गेलं तर साखर धाडकन पडते. इन्सुलिनवर असताना वरून साखर उतरवणारा कुठलाही पाला दिला तर पडलेली साखर कशाने पडली हे कळत नाही. तुमच्या मधुमेहाच्या आणि केमोच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं झालं आहे का ते विचारा. झालं नसेल तर फाइल घेऊन दोघांकडे तुम्हीच जा.

झाडांच्या औषधांत अजून बरंच बाकी आहे असं मला मनापासून वाटतं. व्हिन्ब्लास्टीनचा तुटवडा जगात अधूनमधून पडतो, कारण ते आजही मुख्यतः पानांतूनच येतं. २०२२ मध्ये यीस्टच्या पेशींना सदाफुलीची जनुकं देऊन त्यांच्याकडून व्हिन्डोलीन आणि कॅथरँथीन बनवून घेण्यात आलं आणि त्यांची जोडणी करून व्हिन्ब्लास्टीन मिळवलं गेलं. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पिएर पोतिए यांनी याच दोन रेणूंवरून व्हिनोरेलबीन केलं. ते तर तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलमध्येही मिळतं, म्हणजे सदाफुलीच्या वंशाचं औषध गिळून चालवता आलं, पण रेणू बदलून आणि डोस ठरवून. तेव्हा आत्यांना सांगताना झाड खोटं आहे असं सांगू नका. त्यांच्या झाडाचं औषध वडिलांना दर तीन आठवड्यांनी मिळतं आहे, आणि ते पूर्ण मिळावं म्हणूनच घरचा रस थांबवला आहे, असं सांगा. माझ्या अनुभवात हे वडीलधाऱ्यांना पटतं.

तिसऱ्या सायकलच्या आधी एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहून न्या: रस किती दिवस आणि किती दिला, मेडिकलमधून काय काय आणलं, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीचं काही चालू आहे का, मुंग्या कुठवर चढल्या आहेत, बटण लावायला जड जातं का, शेवटची शौच साफ कधी झाली. व्हिन्क्रिस्टीनच्या दिवसापासूनच रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी, आणि डॉक्टर देतील ते रेचक. तीन दिवस शौच झाली नाही, पोट फुगलं किंवा उलट्या लागल्या तर थांबू नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी हॉस्पिटलला नेऊन आधी रक्ताचे काउंट करून घ्यायचे आणि केमो कधी झालं ती तारीख दारातच सांगायची.